काडेपेटीची उधारी

लढाईच्या दिवसांत मी सांगलीच्या पेठेत एका जैन शेटजींच्या किराणा दुकानात दिवाणजी होतो. दर बाजारच्या दिवशी एक बाई यायची. नवरा पलटणीत. सगळा माल रोखीने घ्यायची; काडेपेटी तेवढी उधार मागायची, आणि मागच्या काडेपेटीचे पैसे पदराची गाठ सोडून द्यायची. खातं नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे तिचं नाव मी कधी विचारलंच नाही.

एवढ्याशासाठी दर आठवड्याला वही उघडायची म्हणून एकदा मी वैतागलो. "बाई, पैसे हातात असताना उधारी कशाला?"

"आवं, रोख घेनाऱ्याला कोन वळखतंय?" ती हसली. "नड आल्यावर पयल्यांदाच मागायचं म्हंजे जीभ रेटत न्हाई. आत्तापास्नंच सवय असूं द्या, मलाबी आन शेटजींस्नीबी."

पुढे नवऱ्याची मनिऑर्डर यायची थांबली. त्या आठवड्यात ती आली आणि दुकानाच्या पायरीशी नुसतीच उभी राहिली. एवढी सवय लावलेली जीभ ऐनवेळी हललीच नाही. शेटजींनी काही न विचारता तिचा नेहमीचा बाजार मापून पिशवीत भरला. ती डोळे पुसत वळली, तशी त्यांनी हाक मारली, "आक्का, काडेपेटी ऱ्हायली की!"