शेवटच्या खाचेतली सीट

सुधादादा गेल्याची बातमी मला द्यायला वहिनींना तीन वेळा फोन करावा लागला, कारण पहिले दोन मी कापले. मस्कतमध्ये, अझैब्याला, आमच्या एसीच्या सुट्या भागांच्या गोदामात जेवणाची सुट्टी चालली होती, आणि मी डबा उघडा टाकून पाच-सहा जणांना एक किस्सा सांगत होतो. किस्सा अगदी शेवटाला आला होता. अशा वेळी फोन घेतला की हशा मरतो, हे मला इतक्या वर्षांच्या अनुभवाने पक्कं ठाऊक आहे. म्हणून दोनदा लाल बटण दाबलं, किस्सा पुरा केला, हशा वसूल केला, आणि तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याच हसऱ्या आवाजात म्हटलं, "बोला वहिनी, काय हुकूम?" पलीकडून त्या एवढंच म्हणाल्या, "भावोजी, हे गेले."

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. अल हैलच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर छातीत कळ आली तशी दादाने गाडी कडेला घेतली, गिअर पार्कमध्ये टाकला, चारी दिवे लुकलुकते ठेवले आणि मग गेला. पोलीस सांगत होता, गाडी पांढऱ्या रेषेच्या आत, रस्त्याला अगदी समांतर उभी होती. सगळा जन्म लोकांना सुखरूप पोचवण्यात घालवलेला ड्रायव्हर, मरतानाही मागून येणाऱ्याची अडचण करून गेला नाही. या पुरवणीसाठी दादावर लिहा असा निरोप आला तेव्हा त्यात म्हटलं होतं, "तुम्ही छान हलकंफुलकं लिहिता, तसंच होऊ द्या." हलकंफुलकं... त्यानेच तर सगळा घात केला.

सुधाकर माझा मावसभाऊ, चार वर्षांनी मोठा. आमचं दोघांचं गाव चिपळूणजवळ, एकाच वाडीत. तो आधी मस्कतला आला, पर्यटकांना वाळवंटात फिरवणाऱ्या एका कंपनीत ड्रायव्हर म्हणून. मग आपल्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, मागे लागून त्याने मलाही इथे आणलं. मी विमानतळावर उतरलो तेव्हा माझ्याकडे एक बॅग आणि बाराशे गप्पा होत्या. दादाकडे गप्पा नव्हत्याच. घराण्यात कामाची वाटणी लहानपणीच झाली होती. दादाने कामं करायची, आणि ती त्याने कशी केली हे रंगवून मी सांगायचं. लग्न असो, बारसं असो, लोक माझ्याभोवती जमायचे आणि दादा बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लावायचा. ही व्यवस्था मला फार सोयीची होती.

ती मोडली एका अमेरिकन म्हाताऱ्यामुळे.

शर्कियाच्या वाळूत कुठल्याशा परदेशी सिनेमाचं शूटिंग आलं आणि दादाच्या कंपनीने त्यांना गाड्या आणि ड्रायव्हर दिले. दादाच्या वाट्याला आला तो त्यातला सगळ्यात मोठा नट. सत्तरी ओलांडलेला, आणि इतका नावाजलेला, की चेकपोस्टवरचा पोलीससुद्धा कागद बघायचे सोडून त्याच्याकडे बघत राहायचा. बाकीचे लोक वाळवंटातल्या तंबूंत राहत, पण म्हाताऱ्याला समुद्राच्या आवाजाशिवाय झोप येत नसे. म्हणून त्याचा मुक्काम समुद्रकाठच्या सूर गावातल्या हॉटेलात. जायला दीड तास, यायला दीड तास, असे तीन दिवस गाडीत दोघंच. आणि त्या तीन दिवसांत त्या माणसाने आपलं अख्खं आयुष्य दादाला सांगितलं.

का सांगितलं, ते देव जाणे. कदाचित दादा मध्ये बोलत नाही म्हणून. माझ्या गाडीत बसला असता तर त्यालाच माझं आयुष्य ऐकावं लागलं असतं.

त्यानंतर शुक्रवारी आमच्या अल खौदच्या घरी सगळे जेवायला जमले की दादा ती गोष्ट सांगू लागला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि लोक ऐकू लागले. हातातलं आमटीभाताचं ताट तसंच धरून ऐकू लागले. एकच पंचाईत होती. शूटिंगच्या आधी त्याच्याकडून दोन पानी कागदावर सही घेतली होती. नटाचं नाव, सिनेमाचं नाव कुणाला सांगायचं नाही, फोटो काढायचा नाही. इतरांनी सह्याही केल्या आणि चोरून फोटोही काढले. दादाने नुसती सही केली.

"अरे, पण नाव काय त्याचं?" मी विचारायचो.

"सही केलीय."

"बरं, पहिलं अक्षर तरी?"

"सही केलीय म्हटलं ना."

"शूटिंग संपून ते घरीसुद्धा पोचले असतील रे एव्हाना! आता कोण विचारतंय?"

"कागदावर मुदत लिहिलेली नाय," दादा शांतपणे म्हणायचा.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा सातवीत होती. ती मोबाइल घेऊन त्याच्या समोर बसायची. "काका, मी guess करते, तुम्ही फक्त हो-नाही करा." दादा तिच्या हातावर खजूर ठेवायचा आणि पुढची गोष्ट चालू करायचा.

गोष्ट अशी. पहिल्या सकाळी दादा गाडीचं मागचं दार उघडून उभा राहिला. म्हाताऱ्याने ते आपल्या हाताने हळूच लावलं आणि पुढे येऊन बसला. माणूस साडेसहा फुटी, गुडघे डॅशबोर्डला टेकले. त्याने सीटखालचा दांडा ओढून सीट पार शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवली आणि दादाला म्हणाला, तू बसलायस ना, तिथे मी चार वर्षं बसलोय. तोही ड्रायव्हर होता! रेल्वेच्या एका लहानशा गावात जन्मलेला, बाप जोडे शिवायचा. दादा हे सांगताना अमेरिकनाच्या तोंडी आमच्या वाडीची भाषा घालायचा. "बापाशीनं मला घराबाहेर काढलान," असं तो हॉलीवूडचा नट म्हणायचा, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

तर घराबाहेर काढलेला हा पोरगा एका लाँड्रीची गाडी चालवू लागला. सिनेमाचे धुतलेले कपडे स्टुडिओत पोचवायचे. एक दिवस पहारेकऱ्याचं काम करणारा कुणी आलाच नाही, आणि कपडे घेऊन आलेल्याच्याच अंगात ते कपडे चढवले. त्याला गोळी लागली, तो पडला, काम संपलं. मग पुढची सहा वर्षं तो नुसता मरत होता. घोड्यावरून पडून, नदीत बुडून, एकदा दुसऱ्याला मारलेली गोळी चुकून लागून. "एकोणीस वेळा," दादा म्हणायचा, "मोजून ठेवलेलं त्यानं." पण मेल्यावर तो इतका मन लावून मेलेला असे की बघणाऱ्यांची नजर हीरोवरून त्याच्यावर जाई. ते एका दिग्दर्शकाच्या लक्षात आलं आणि त्याने विसाव्या वेळी त्याला जिवंत ठेवला.

हा पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी मग वैभव. रस्त्यात लोक कोटाची बटणं तोडून नेत. दोन लग्नं झाली, दोन मोडली. मोठं बक्षीस मिळालं त्या रात्री त्याने आईला पहिल्यांदा विमानात बसवून आणलं, तर नाव पुकारलं तेव्हा ती खुर्चीत गाढ झोपली होती. तिला उठवायचं नाही म्हणून तो बाजूच्या सहा जणांचे पाय ओलांडून गेला. आणि मग, सगळं शिगेला पोचलेलं असताना, त्याने काम सोडलं. सात वर्षं. कुठे गेला, का गेला, जगात कुणाला माहीत नाही. त्यावर कुणाकुणाचे तर्क छापून आले, ते सगळे खोटे. एवढं सांगेपर्यंत हॉटेल आलं. म्हाताऱ्याने गाडीचं दार उघडलं आणि म्हणाला, उद्या सांगतो.

"मग? सांगितलं?" मुक्ताने विचारलं.

"सांगितलंन. येत्या शुक्रवारी ऐक."

त्या शुक्रवारी दादाला जर्मन पर्यटकांना घेऊन जावं लागलं. आणि पुढच्या आठवड्यात गणपती आले.

इथली आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली, त्याच्या आसपासची ही गोष्ट. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात दर वर्षी माझी एक विनोदी नाटुकली असते. त्या वर्षी मी तीन दिवसांत ती लिहिली, इतक्या भराभर कधी लिहिली नव्हती. हॉलीवूडच्या नटाचा कोकणी ड्रायव्हर. दादाची भूमिका अर्थात मी. त्याची ती टोपी, पर्यटकांबरोबर जाताना घालायची, मीच मागून आणली. "नाटकात हवीय रे." त्याने कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही, वर धुऊन दिली.

नाटुकली तुफान झाली. अमेरिकनाचं काम करणाऱ्याला आम्ही मक्याच्या केसांचा टोप केला होता, आणि तो "बापाशीनं काढलान" म्हणाला तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं खुर्चीवरून खाली आली. दर दोन मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, "नाव काय त्याचं?" आणि मी छाती फुगवून म्हणायचो, "सही केलीय!" शेवटी तर अख्खा हॉल माझ्याबरोबर ओरडायला लागला. दादा सहाव्या रांगेत होता. वहिनी शेजारी. दिव्यांमुळे मला त्यांचे चेहरे दिसत नव्हते, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. दिसत होते. चांगले दिसत होते.

पडद्यामागे तो आला तेव्हा मी तोंडाचा रंग पुसत होतो. म्हणाला, "चांगलं केलंस." मग हात पुढे केला. "टोपी दे माझी."

बस. भांडला नाही. भांडला असता तर मी त्याचाही एक किस्सा करून मोकळा झालो असतो. तो शुक्रवारी येतच राहिला. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज डबा पोचवत राहिला. फक्त ती गोष्ट बंद झाली. मुक्ताने दोनदा विचारलं. "विसरलो गं," म्हणाला. एका रात्री तो मला विमानतळावर सोडत असताना मी धीर करून विचारलं, "दादा, तो तिसरा दिवस राहिला रे." त्याने रेडिओचा आवाज वाढवला. "खलास झालं ते."

"सही केलीय" मात्र खलास झालं नाही. थाप मारणाऱ्याला इथली मराठी माणसं अजून "सही केलीय का?" म्हणून विचारतात. अल खौदच्या वाण्याच्या दुकानात भेंडी निवडत असलेल्या दादाच्या पाठीवर थाप मारून, त्याच्याच तोंडावर, लोकांना हे म्हणताना मी ऐकलंय. तो कसनुसा हसायचा. आणि दादा गेल्यावर झालेल्या शोकसभेत, फोटोला हार घातलेला, वहिनी पुढच्या खुर्चीवर बसलेल्या, आमच्या मंडळाचे एक ज्येष्ठ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "दादांनी वरती जाण्याची सही आमच्या आधी केली..." मागून हसू आलं. थोडं, दबलेलं, पण आलं. वाक्य माझं होतं. आणि लाज अशी, की सवयीने माझा चेहराही हसला.

का केलं मी ते? लोकांना मी सांगत आलो की गंमत म्हणून. पण मी गंमत कधी करतो हे मला कळतं. घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझं होतं, आणि सलग दोन शुक्रवार माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. एवढंच. मला पन्नाशीपर्यंत शेकडो गोष्टी सांगायला मिळाल्या, त्याला एक मिळाली होती. तीही मी पुरी होऊ दिली नाही.

गोष्ट खरी होती की नाही, हा प्रश्न मला नाटुकलीआधीही पडलेला नव्हता, हे आता लिहून टाकतो. दादाला थाप मारता येत नव्हती. कंपनीने जुन्या गाड्या विकायला काढल्या तेव्हा त्याने नेमकी तीच गाडी घेतली आणि पुढची सीट शेवटच्या खाचेतच ठेवली. आम्ही सगळे कोकणातले बुटके. त्या सीटवर बसलं की हात डॅशबोर्डपर्यंत पोचत नाही, ब्रेक लागला की पाय रोवायला समोर काही सापडत नाही. "पुढे घे की जरा!" म्हटलं तर म्हणायचा, "असू दे." वहिनी तर पाच फूटही नाहीत. त्यांनी पायाखाली घ्यायला एका जुन्या सतरंजीची जाड गुंडाळी केली होती, दोरीने बांधून. इतकी वर्षं त्या गुंडाळीवर पाय ठेवून बसल्या, पण सीटखालच्या दांड्याला हात लावला नाही.

गेल्या महिन्यात त्या कायमच्या गावी गेल्या. त्यांना विमानतळावर सोडायला त्यांच्याच गाडीने मी नेलं. वाटेत मी म्हटलं, "वहिनी, एक विचारू? त्या अमेरिकनाचा तिसरा दिवस... दादाने तुम्हाला सांगितला असेल."

"सांगितला."

"आणि नाव?"

"तेही."

नव्या टर्मिनलचे दिवे दिसायला लागले. त्या समोर बघत म्हणाल्या, "तुम्हाला कशाला हवंय, भावोजी? पुढच्या गणपतीला?"

आवाज चढला नव्हता. खरंच माहिती हवी म्हणून विचारावं तसं विचारलं. उतरल्यावर त्यांनी वाकून पायाखालची गुंडाळी काढली, दोरी घट्ट केली आणि सामानाच्या ट्रॉलीवर ठेवली. मागे वळून बघितलं नाही.

मी तिथे शपथेवर म्हणू शकलो असतो, की नाही वहिनी, कुणालाही सांगणार नाही. पण तसं म्हटलं नाही. कारण ते नाव मला कळलं असतं तर आज या लेखात, बहुधा पहिल्याच परिच्छेदात, असतं. हे त्यांना ठाऊक होतं. दादालाही ठाऊक होतं.

गाडी गिऱ्हाईक मिळेपर्यंत माझ्या दारात उभी आहे. मुक्ता आता कॉलेजात आहे. परवा पुढे बसली आणि सवयीने तिचा हात खाली दांड्याकडे गेला. "बाबा, पुढे घेऊ?" म्हणाली. मी म्हटलं, "असू दे." "का?" तिने विचारलं. मला जन्मात पहिल्यांदा काही सांगता आलं नाही.

काल संध्याकाळी मी एकटाच त्या सीटवर जाऊन बसलो, गाडी बंद, काचा वर. शेजारची ड्रायव्हरची सीट फार जवळ वाटते तिथून, थोडी पुढे. चालवणाऱ्याचा खांदा आणि कान तेवढे दिसतील. तिथे बसून माणूस दीड तास बोलू शकेल. मी बसून राहिलो. समोर पाय रोवायला काही सापडत नव्हतं.