पावलं न मोजणारे सर

पी. टी. सरांना आकड्यांचा तिटकारा होता आणि मला पी. टी. सरांचा. शुक्रवार पेठेत ते आमच्या समोरच, दुसऱ्या मजल्यावर राहायचे, विद्यापीठात मुलांना खेळ शिकवायचे. छाती, वजन, फेऱ्या, काहीच मोजायचे नाहीत. "पोरगं रात्री गाढ झोपतंय का बघा," एवढंच त्यांचं शास्त्र.

माझा मुलगा निखिल तेव्हा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होता. त्याची उपाशीपोटी साखर शंभराच्या आत हवी, ती एकशे अठरा निघाली. मधुमेहामुळेच माझ्या वडिलांचा पाय कापावा लागला होता. मी लगेच पावलं मोजणारं घड्याळ आणलं. रोज दहा हजार पावलं, सलग नव्वद दिवस, की नवी मोटरसायकल. सर समोर खालच्या ओट्यावर बसून ऐकत होते.

"गाडीसाठी चालनार व्हय? मग गाडी आल्यावर चालंल कशाला?"

त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

निखिल चालायला लागला. मी रोज वहीत आकडा लिहायचो. अकरा हजार. बारा हजार चारशे. एक्केचाळीस दिवसांत एकही खाडा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी वही दाखवायचो.

बेचाळिसाव्या दिवशी मेहुणे जेवायला आले असताना सर सरळ आत आले आणि त्यांनी ते घड्याळ माझ्या ताटाशेजारी ठेवलं. "तुमचं पोरगं लई चालतंय की. मागल्या गल्लीत, यंत्रमागावर." सर चादरी आणायला गेले होते. निखिलने मित्राच्या कारखान्यात, मागाच्या पुढेमागे हलणाऱ्या दांडीला घड्याळ बांधलं होतं आणि स्वतः खुर्चीत बसून मोबाईल बघत होता. हिशेब केला तर दहा हजार पावलं म्हणजे मागाचं तास-दीड तासाचं काम.

खरं होतं, पण मेहुण्यांसमोर सांगायची काय गरज होती? मी सरांना चालते व्हा म्हणालो.

"जातो की." दारातून निखिलला म्हणाले, "उद्या सहाला मैदानावर ये. कबड्डीला सातवा गडी न्हाय. तू न्हाय आलास तर सहा जन परत जातील."

गाडी नाही, मार्क नाहीत, तरी तो गेला. दोनदा झोपून राहिला, तेव्हा ते सहा जण आमच्या दारात आले. "ऊठ की जाड्या, आमची पहाट का नासवतो?" त्यानंतर तो कधी झोपून राहिला नाही. किती वेळ पळवता, असं मी सरांना एकदाच विचारलं. "घाम येईतोवर," म्हणाले. वहीत काय लिहिणार?

आठ महिन्यांनी साखर ब्याण्णव आली. त्याच आठवड्यात सर निवृत्त होऊन अक्कलकोटकडच्या गावी निघाले. आभार मानायचे नाहीत, फक्त रिपोर्ट दाखवायचा, असं ठरवून मी वर गेलो.

"कागद खिशात ठेवा. हे कपाट धरा."

लोखंडी कपाट, दोन मजले. टेम्पोपाशी पोचलो तेव्हा मी चाकाशी बसून धापा टाकत होतो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे सर दोर आवळत होते.

"पोराचं झालं," ते ड्रायव्हरसमोर म्हणाले. "आता तुमचं कोन बघनार?"

खरमरीत उत्तर तयार होतं. टेम्पो वळणाआड गेला, तरी ते बोलण्याइतका दम मला जमवता आला नाही.