भुंड्या शेळ्यांची वही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — नाही, हेही खरं कारण नव्हे. राहू दे.

निजामाच्या अमदानीतली, चाळीस सालानंतरची गोष्ट. मी धाराशिवचा, पण बाहेरगावी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे उर्दूतून. आनुवंशिकतेचा विषय नवाच लागला होता. पोरांना पहिलं पुस्तक कोणतं लावायचं, यावर प्रिन्सिपॉलसाहेबांनी माझं मत मागितलं. समोर दोन पुस्तकं. एक छापील, इंग्रजीवरून उर्दूत आणलेलं, जड अरबी शब्दांनी असं ठासलेलं की उर्दू घरात बोलणाऱ्या पोरांनाही कोश लागावा. दुसरी — हमीदनं कॉलेजकडे पाठवलेली, हातानं लिहिलेली वही.

हमीद माझा शाळासोबती. धाराशिवलाच हायस्कुलात सायन्सचा मास्तर. त्यानं वही साध्या, बोलण्यातल्या उर्दूत लिहिली होती आणि मेंडेलच्या वाटाण्याच्या जागी शेळ्या घेतल्या होत्या. आपल्याकडच्या पोरांनी वाटाण्याचं फूल कधी निरखलंय? शेळी मात्र दारात असते. काही शेळ्या जन्मजात बिनशिंगाच्या, भुंड्या, काही शिंगाच्या. कुणाच्या पोटी काय येतं, एवढ्यावरून त्यानं सारा विषय उलगडला होता. शिंगाचा गुण पोटात लपवलेली भुंडी जोडी असेल, तर चार करडांत तीन भुंडी, एक शिंगाचं — हा नियम.

आकडे त्यानं अणदूरच्या कळपांत फिरून जमवले. एकट्यानं नव्हे. दोन उन्हाळे मी बरोबर होतो. करडू मांडीत धरून त्याच्या टाळूवर शिंगाचे कोंभ मी चाचपायचो, तो लिहायचा. कळपाची मालकीण सखूबाई, आमच्या आईच्या वयाची, म्हणायची, "शिकल्याली माणसं तुमी, अन् करडांच्या उवा बघताय व्हय?"

"उवा न्हाईत मावशी," हमीद म्हणायचा, "ह्यांच्या आज्यानं काय ठेवून दिलंय ते बघतोय."

त्याची बेरीज नियमाशी कधीच नेमकी जुळली नाही. कुठं कमी, कुठं जास्त. त्यानं ती तशीच उतरवली आणि खाली लिहिलं — मोजणी खरी असेल तर अशीच येते. करडं वाढतील तशी ती नियमाजवळ सरकते. हे वाक्य मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. चांगलं कळलं होतं.

मी अभिप्राय लिहिला: आकडे नियमाशी जुळत नाहीत, बनावट वाटतात, भाषा बाजारी आहे, छापील पुस्तक लावावं.

बनावट. माझ्याच बोटांनी चाचपलेले आकडे.

का लिहिलं? प्रिन्सिपॉलसाहेब वही चाळून सहज म्हणाले होते, "हे तुम्हाला कसं सुचलं नाही?" डिग्री माझ्याकडे होती, सुचलं त्याला. एवढंच. यापेक्षा मोठं काही नव्हतं.

शेरा त्याच्याकडे गेला, माझं नाव न घालता. सुट्टीत तो कागद घेऊन माझ्याकडंच आला. "कुणी लिवलं असंल रे? आपण मोजताना कुठं चुकलो का?" असेल हैदराबादचा कुणी, मी म्हणालो. आणि — हे त्याहून वाईट — "पुन्हा एकदा मोजून बघ," असंही म्हणालो.

त्यानं मोजलं. वर्षभर, दर शुक्रवारी, शाळेच्या सुट्टीला, एकट्यानं. बेरीज पुन्हा तशीच, थोडी तिरकी. त्याला वाटलं, विषय आपल्यालाच कळला नाही. वही माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "तुला कळतंय ह्यातलं. ठेव तुझ्याजवळ." पुढं त्यानं सायन्स सोडलं, खालच्या वर्गांचा भूगोल मागून घेतला. पोलीस ॲक्शननंतर धाराशिवही सोडलं. कुठं गेला, मी कधी विचारलं नाही.

ते छापील पुस्तक मी शिकवत राहिलो. पोरं अर्थ न कळता पाठ करायची. एकदा प्रयोगाला त्यांची बेरीज नियमाशी जुळेना. घाबरून खाडाखोड करू लागली. तेव्हा मी म्हणालो — मोजणी खरी असेल तर अशीच येते.

पोरांनी ते वाक्य माझं म्हणून वहीत उतरवलं. मी उतरवू दिलं.