दोन लॉट परत आले होते

टायपिंगवाल्या बाईंच्या दुकानात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल होतं. एकोणीस वर्षं त्या लोकांचे बायोडेटा आणि नोकरीचे अर्ज टाइप करत होत्या. अर्ज एकच, कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलेला. ‘मी प्रामाणिक, मेहनती व वक्तशीर असून, आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास ते मी माझे भाग्य समजेन.’ नाव, पत्ता, वय बदललं की दहा मिनिटांत कागद हातात. ड्रायव्हर असो की नर्स, सगळ्यांचं भाग्य तेच.

नणंदेचा अर्जही त्यांनी तसाच काढला. नणंद शर्टांच्या कारखान्यात सतरा वर्षं चेकर होती. तयार शर्ट बघायचा, खोट असली तर बाजूला काढायचा. कारखान्याला टाळं लागलं, भाड्याची खोली सुटली आणि ती भावाकडे राहायला आली. इथेही ती धुतलेले कप उजेडात धरून बघायची आणि निम्मे परत मोरीत ठेवायची. नोकरी लागली की पुन्हा स्वतःची खोली, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. बाईंनी तोंडदेखलं “घाई काय आहे?” म्हटलं होतं, पण जाहिराती त्याच शोधत होत्या.

एका हॉस्पिटलात चादरी-कपड्यांच्या खात्यात जागा निघाली. नणंद अर्ज घेऊन गेली आणि तासाभरात दुकानात परत आली.

“काय झालं, वन्सं?”

“तिथल्या मॅडमनी ड्रॉवर उघडला आणि तुझे नऊ अर्ज माझ्यापुढे मांडले. म्हणाल्या, तुम्ही सगळ्या एकाच आईच्या लेकी का? उद्यापर्यंत स्वतःचा अर्ज आणा, नाहीतर राहू द्या.”

बाईंना मिरच्या झोंबल्या. “एकोणीस वर्षांत कुणाची तक्रार नाही!”

“नोकरी लागली म्हणून सांगायला कुणी आलं होतं?”

बाईंनी आठवून बघितलं. एक वॉचमन आला होता. पण त्याला त्याच्या मामाने चिकटवलं होतं.

त्यांनी कोरं पान उघडलं. “बसा. कारखान्यात काय करत होतात ते सांगा.”

“शर्ट बघत होते. त्यात सांगायचं काय?”

“दिवसाला किती?”

“चारशे. घाई असली तर पाचशे.”

“खोट कशी कळायची?”

“हाताला कळते. टाका सैल असला की अंगठा अडतो. डोळ्याला मागून दिसतं.”

बाई टाइप करत सुटल्या.

“अगं, असं कुणी अर्जात लिहितं का?”

“तुम्ही बोला. तुम्ही बघितलेला माल कधी परत आला?”

“दोन लॉट आले. दोन्ही माझ्याच नजरेतून सुटलेले.”

बाईंनी लिहिलं, ‘सतरा वर्षांत एकही लॉट परत आला नाही.’ घरच्या माणसासाठी एवढं तर करायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नणंद आली आणि स्टुलावर टेकली.

“लागली. एक तारखेपासून.”

“बघा! अर्ज वाचला ना त्यांनी?”

“आधी मी वाचला, बाहेरच्या बाकावर बसून. ते लॉटचं वाक्य खोडलं आणि वर पेनाने लिहिलं, दोन लॉट परत आले, चूक माझी.”

“माझ्या छापील कागदावर पेन चालवलंत?”

“मॅडमनीही तेच विचारलं, ही खाडाखोड कुणाची? म्हटलं, माझी. खोट दिसल्यावर माल पुढे कसा पाठवू? मग त्यांनी चादरींचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. बारांपैकी तीन मी बाजूला काढल्या. संध्याकाळी खोली बघायला जातेय, तूही चल.”

तेवढ्यात दारात एक ड्रायव्हर उभा राहिला. “बाई, तो नेहमीचा अर्ज काढा पटकन.”

नणंद स्टुलावरून उठली. “बसा भाऊ, आता वेळ लागतो,” ती म्हणाली. “आणि हिने दिलेला कागद पुढे देण्याआधी एकदा वाचा.”