जहाजाची चाल वजा करून

दुपारची जेवणं उरकली आहेत, भांडी पालथी पडली आहेत, आणि ऋजुता चटईवर एका कुशीवर आडवी झाली आहे. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं स्वतःला बजावून. पाळण्याची दोरी तिने उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधली आहे. पाळण्यात दहा महिन्यांची मनवा झोपली आहे. पोरीने हातपाय हलवले की दोरीला ओढ बसेल, ओढ बसली की अंगठ्याला कळेल, आणि अंगठ्याला कळलं की आईला कळेल, अशी ही सगळी योजना.

योजना चोख आहे, फक्त तिच्यात झोप बसत नाही. दोरी जरा ताणली की ऋजुता उठते, पाळण्यावर वाकते, मुलीच्या नाकापुढे बोट धरते, श्वास लागला की परत येऊन पडते.

"पुन्हा उठलीस?" सासूबाई स्वयंपाकघरातून विचारतात. ऋजुता त्यांना मामी म्हणते. नवऱ्याच्या घरी, वेंगुर्ल्याला, तशीच रीत आहे.

"पाळणा हलला, मामी."

"हलायलाच असतो तो."

"ती झोपलेली असताना? आपोआप?"

"तू पड गं. तुझ्या उठबशांनीच जागी व्हायची ती. आणि त्या कामत सरांना काय ते सांगून टाक एकदाचं. संध्याकाळपर्यंतच थांबणार म्हणालेत ना?"

म्हणालेत खरे. ऋजुता गोव्यातल्या एका समुद्र-संशोधन संस्थेत काम करते आणि सोमवारी संस्थेचं जहाज सुटणार आहे, तीन आठवड्यांसाठी, प्रवाह मोजायला. पावसाळा सरला की किनाऱ्यालगतचं पाणी तोंड फिरवतं. इतके दिवस दक्षिणेला वाहणारा प्रवाह उत्तरेला वळतो. तो एकदम वळतो, की वर एकीकडे आणि खाली दुसरीकडे असा थोडे दिवस घुटमळतो, हे तिला बघायचं आहे. बाळंतपणाच्या आधीपासून बघायचं आहे. जहाजावर जागा एकच उरली आहे. आज कामत सरांकडे तिचं नाव गेलं नाही तर दुसऱ्या कुणाचं जाईल.

मनवाला मामी सांभाळतील, नवऱ्याने, सुयोगने, रजाही टाकली आहे. अडचण ती नाहीच. अडचण एका जुन्या गोष्टीची आहे. ऋजुताची आईसुद्धा याच संस्थेत होती. ऋजुता मनवाएवढीच असताना ती जहाजावर गेली, आणि परत आली तेव्हा ऋजुताने तिला ओळखलं नाही, भोकाड पसरलं. माहेरी ही गोष्ट प्रत्येक लग्नाकार्यात रंगवून सांगतात, सगळे हसतात, ऋजुताही हसायची. मनवा झाल्यापासून तिला हसू येत नाही. तेव्हा तुला काय वाटलं, हे आईला विचारावं, तर आई जाऊन दोन वर्षं झाली. नातीचं तोंडही बघितलं नाही तिने.

पंखा घरघरतो. मामी कसलं तरी वाटण लावतात. पंख्याचा सूर हळूहळू खाली उतरतो, आणखी खाली, जमिनीतून येऊ लागतो, आणि चटई एका बाजूला किंचित कलते, मग दुसऱ्या बाजूला. इंजिन, ऋजुता मनात म्हणते. सुटलं वाटतं.

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी आहे. अंगात जहाजावरचा तो निळा डगला, डोक्यावर पिवळी टोपी, टोपीखालून निसटलेला अंबाडा.

"जेवलीस?" आई विचारते.

"हो. तू?"

"आम्हाला कसलं आता जेवण."

मेलेल्या माणसाला असं विचारू नये, हे ऋजुताच्या जरा उशिरा लक्षात येतं. पण आईला त्याचं काही वाटलेलं दिसत नाही. ती ओट्यावरचे डबे उघडून वास घेते आहे.

"तिरफळं घातलीत सासूने. बरी आहे बाई. ये लवकर, यंत्र सुरू झालंय."

ओट्यापलीकडे गॅलरी आहे. दोरीवर मनवाची दुपटी फडफडताहेत, आणि गॅलरीच्या कठड्याखाली पाणी आहे, गडद, कुठवर पसरलंय ते दिसत नाही. किनारा कुठेच नाही. याचं ऋजुताला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते दुपट्यांचं. सगळी एकाच दिशेला उडताहेत, आणि वारा तर लागत नाही.

"वारा नाही, मग ही उडतात कशी?"

"बघ की विचार करून," आई म्हणते. आई अशीच. सरळ उत्तर द्यायला जिवावर यायचं तिच्या.

आता त्या दोघी आत आहेत. खोलीत यंत्रांचे पडदे चमकताहेत, टेबलावर बाळांना जोखायचा काटा आहे, भिंतीवर लसींचा तक्ता. ऋजुताला हा दवाखाना माहीत आहे, आणि ही जहाजावरची प्रयोगशाळा आहे हेही माहीत आहे. जहाजाच्या पोटाखालून यंत्र पाण्यात आवाज सोडतं, पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांवर आपटून तो परत येतो, आणि परत येताना त्याचा सूर किती बदलला त्यावरून पाणी किती धावतंय ते कळतं. टक, टक, टक. प्रत्येक आवाजाला खालून उत्तर येतं आहे.

"काय दिसतंय?" आई विचारते.

ऋजुता पडद्यावर वाकते. सगळं पाणी, वरपासून तळापर्यंत, एकाच दिशेला सुसाट चाललंय.

"जबरदस्त ओढ आहे. आई, असा प्रवाह मी कधी पाहिला नाही. एवढ्यात बाळ राहणारच नाही."

"बाळ?"

"म्हणजे... तरंगता बोया."

आई टोपी काढते, केसांत अडकवलेली पेन्सिल काढून पडद्यावर टेकवते. "जहाजाची चाल वजा केलीस?"

ऋजुता पडद्यावरचे आकडे पुन्हा बघते.

"जहाज पळतंय एकीकडे, म्हणून पाणी पळताना दिसतंय दुसरीकडे. हा प्रवाह नाही, बये. ही तू आहेस."

"पण जहाज उभं आहे."

"उभं जहाज उभं नसतं. सारखं काहीतरी करत असतं. ते आधी वजा करायचं, उरेल ते पाण्याचं."

ऋजुता वजा करते. कसं, ते तिला सांगता येणार नाही, पण मनातल्या मनात करते, आणि पडद्यावरचं पाणी सावकाश होतं. वरचं थोडं उत्तरेला जातं. खालचं अजून दक्षिणेलाच रेंगाळतं. मध्ये एक पट्टा कुठेच जात नाही, नुसता आहे.

"घुटमळतंय," ती हळूच म्हणते. "बघ, आई, घुटमळतंय ते."

"मग? मला काय सांगतेस, मी बघितलंय. तू जाऊन बघ."

दवाखाना संपून गॅलरी सुरू होते. कठड्यावरून एक दोरी खाली पाण्यात उतरली आहे, आणि तिचं वरचं टोक ऋजुताच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेलं आहे. दोरी ताठ आहे. तिला हिसका बसतो, पुन्हा बसतो. ऋजुता कठड्यावरून खाली वाकते.

"खाली मनू आहे. ओढतेय ती. उठलीय."

"तुझा पाय धर बघू."

"काय?"

"पाय. हलवू नकोस."

ऋजुता दोन्ही हातांनी स्वतःचं पाऊल धरते. हिसके थांबतात. दोरीतून काहीच येत नाही. मग, बऱ्याच वेळाने, अगदी मंद अशी एक लय वर येते. आत, बाहेर. आत, बाहेर. झोपलेल्या मुलीचा श्वास असतो तेवढीच.

"म्हणजे मघापासून पाळणा मीच..."

"तूच," आई म्हणते आणि हसते. "शिकलेली ना तू. इतकी सोपी चूक."

ऋजुताला रागही येतो आणि हसूही. आता विचारलं नाही तर पुन्हा कधी विचारणार, असंही वाटतं.

"आई, तू परत आलीस तेव्हा मी तुला ओळखलं नाही ना."

"नाही."

"मग?"

"मग काय. तू आजीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून किंचाळत होतीस. मी उंबऱ्यातच बसले. एकच चप्पल काढली, दुसरी काढायचं सुचेना."

"रडलीस?"

"जरा. तुझ्या आजीला दिसू दिलं नाही. ती म्हणाली असती, आणखी जा." आई कठड्याशी वाकते, दोरी चाचपून बघते. "थोड्या वेळाने तू रांगत आलीस. माझ्याकडे नाही हं, चपलेकडे. उचललीस आणि चाटलीस."

"चप्पल?"

"मीठ होतं तिच्यावर. समुद्राचं. तुला एवढं आवडलं की दुसरी पण मागितलीस. दुसरी माझ्या पायात होती. मग पायापर्यंत आलीस, मग मांडीवर."

"हे कुणीच सांगितलं नाही मला."

"त्यांनी भोकाड तेवढं बघितलं. नंतर चहाला गेले सगळे." आई हातातली दोरी सोडते. "वाईट वाटलं का विचारशील, तर वाटलं. पुढच्या वेळीही वाटलं. पण चप्पल धुतली नाही मी पुढच्या वेळी."

जहाज कलतं. लाट येते आहे, ऋजुताला ती लांबूनच दिसते, काळी आणि गुळगुळीत.

"दोरी सैल कर," आई म्हणते. "ताठ ठेवलीस तर लाटेला तुटेल."

"सैल केली तर मला कळणार कसं?"

"कळेल तेव्हा कळेल. दे इकडे."

आई तिच्या पायाशी उकिडवी बसते आणि गाठ सोडते. मग कठड्याकडे वळून नवी गाठ मारते, तिची ती नेहमीची. कितीही ओढली तरी आवळत नाही, आणि सोडायची म्हटली की एका बोटाने सुटते. शेवटी टोक पुन्हा एकदा उलटं आत खोचायची तिची लकब होती, तसं कुणीच करत नाही. ऋजुताला ती गाठ शिकायची राहून गेली. ती आईच्या खांद्यावरून वाकून बघते, पण मध्ये आईचा अंबाडा येतो, खोबरेल तेलाचा वास येतो.

"दाखव ना मला. आई, इकडे वळ ना जरा."

वाटण थांबलं आहे. पंखा वर फिरतो आहे, पंख्याच्याच सुरात. ऋजुताच्या गालावर चटईचे वळ उठले आहेत आणि उन्हाचा चौकोन भिंतीवर चढला आहे. तिचा हात आधी अंगठ्याकडे जातो.

अंगठ्याला दोरी नाही.

ती धडपडून उठते. मनवा पाळण्यात जागी आहे. रडत नाही. स्वतःचं पाऊल दोन्ही हातांत धरून ती ते फार लक्ष देऊन तपासते आहे. पाळणा स्थिर आहे. दोरी पाळण्यापासून निघून मध्ये झोका घेऊन लोंबते आहे आणि खिडकीच्या गजाला बांधलेली आहे.

"मामी, दोरी तुम्ही बांधलीत का गजाला?"

"कुठली दोरी?" मामी हात पुसत येतात, बघतात. "मी कशाला? माझी गाठ असती तर कात्री घेऊन उभी असतीस तू."

ते खरंच आहे. मामींची गाठ या घरात कात्रीशिवाय कधी सुटलेली नाही. सुयोग ऑफिसात आहे.

"झोपेत बांधली असशील तूच," मामी म्हणतात. "दमलीयेस. चहा टाकते."

"मामी, मी कामत सरांना हो सांगते."

मामी वळून तिच्याकडे बघतात. कुठून काय शिरलं हिच्या डोक्यात, असं त्यांच्या तोंडावर आहे. "सांग. पण नंतर माझ्यापाशी रडायचं नाही. आलीस आणि पोर तुझ्याकडे आलीच नाही तर?"

"तर मी चप्पल काढणार नाही."

"काय म्हणालीस?"

"काही नाही. टाका चहा."

फोन आटोपतो. बाहेर मुलं शाळेतून येताहेत. ऋजुता मनवाला कडेवर घेते आणि खिडकीपाशी गुडघ्यांवर बसते. गाठ तिला सोडायची नाहीये, अजून नाही. आधी बघायची आहे. दोरी कुठून वर येते, कुठे वळसा घेते, कुठे परत खाली उतरते, तिचं बोट वाट काढत जातं. शेवटी दोरीचं टोक सापडतं. उलटं, पुन्हा एकदा आत खोचलेलं.

मनवा हात पुढे करते आणि तेच टोक धरते.