निळा खडू

परवा जुन्या झोळीत पत्रकांच्या गठ्ठ्याखाली स्नूकरच्या निळ्या खडूचा तुकडा सापडला. बोटं निळी झाली आणि बारामतीतल्या त्या क्लबचा जिना आठवला.

तिथंच ओळख झालेले तात्या एमआयडीसीत दूध पॅकिंगला होते. पहिली पाळी सुटली की गावच्या एसटीला तासभर अवकाश असायचा, तेवढ्यात ते थेट क्लबात यायचे. कंपनीच्या कपड्यांत आत यायला बंदी होती, पण दुपारी टेबल रिकामंच असल्यानं मालक काणाडोळा करायचा. त्या तासात ते मला शिकवायचे.

"मारल्या मारल्या मान वर करतुयास. बॉल पडंस्तवर खाली ऱ्हा की. पळून जातुय व्हय त्यो?"

मग बॉल पडला की म्हणायचे, "हां, आता ऊठ."

महिन्याभरात माझा शॉट सरळ जाऊ लागला. ती बंदी मात्र सलत होती. मी तात्यांचं उदाहरण देऊन पत्रक लिहिलं आणि जिन्यात चिकटवलं. दुसऱ्या दिवशी मालकानं त्यांना दारातूनच परत पाठवलं.

ते जिन्यात पत्रक वाचत उभे होते. मी म्हणालो, "आपण लढू, तात्या."

"लिवलंस झ्याक," ते म्हणाले. "पर मला इचारायचंस तरी. माझा तेवढाच तास हुता रं."

खिशातला खडू माझ्या हातात ठेवून ते खाली उतरले.

बंदी चूकच होती. आजही तेच लिहीन. पण त्यांना विचारून. हल्ली शॉट मारल्यावर मी मान खाली ठेवतो. बॉल पडतो, तरी थोडा वेळ तसाच वाकून राहतो.