फाटका आवाज

अण्णा, माझा थोरला भाऊ, गिरणीत वायरमन होता. सुटीच्या दिवशी भवानी पेठेतल्या आमच्या घरात तो लोकांचे लाउडस्पीकर दुरुस्त करायचा. कर्ण्यातून आवाज फाटायला लागला की लोक त्याच्याकडे यायचे. त्याला स्वतःला मात्र फाटलेलाच आवाज आवडायचा.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. रविवारी दुपारी शॉर्टवेव्हवर एक परदेशी केंद्र अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ब्लूज संगीत लावायचं. अण्णा रेडिओसमोर माइक धरून ते टेपरेकॉर्डरवर उतरवून घ्यायचा. टेप महाग, म्हणून स्पूल दोनच. नकोसं झालेलं पुसून त्यावरच पुन्हा भरायचा. हे लोक शेतमजुरी सोडून कारखान्यांच्या शहरात आले, तिथल्या गुत्त्यांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्यांनी तिला वीज जोडली, हे मला त्यानंच सांगितलं. आमच्या भिंतीपलीकडे दिवसभर माग खडखडायचे. मला वेगळं समजवावं लागलं नाही.

"अ‍ॅम्प्लिफायरला झेपणार नाही इतका आवाज वाढवला की आतला काचेचा व्हॉल्व्ह ओरडतो," अण्णा म्हणायचा. "आपण तो दोष म्हणून काढतो. ह्यांनी तोच ठेवून घेतला."

त्यांची गाणी उचलून गोऱ्या पोरांचे बँड मोठे झाले, दुकानात तबकड्याही त्या पोरांच्याच मिळतात, याचा त्याला संताप होता. हे सगळं तो गाणं चालू असताना बोलायचा. त्यामुळे त्याचं बोलणं, मागाची खडखड, आईचं ज्वारी पाखडणं, सगळंच टेपवर आलं होतं. त्याचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता.

कावीळ होऊन तो पंधरा दिवसांत गेला.

तेराव्याला मोहोळहून काका आले. दुपारी भजन होतं. कुर्डुवाडीच्या आत्याचा पाय मोडलेला, तिला येता आलं नाही. भजन टेप करून तिला ऐकवू, असं काकांच्या मनात आलं. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो. त्यांनी दारातून विचारलं, "ते मशीन चालतंय का रं?" मी चालतं म्हणालो. त्यांनी कशावर टेप करणार हे सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

संध्याकाळी पाहिलं, तर दोन्ही स्पूल भजनानं भरलेली.

"काका, त्यावर अण्णाचं होतं."

"लावून बघितलं की आधी. नुसती खरखर हाय. ते गिटार का काय, तेबी फाटलेलं. खराब टेप म्हणून घेतली. चांगली असती तर हात लावला असता व्हय मी?"

"मधेमधे अण्णा बोलत होता."

"कोण तरी बडबडत हुतं खरं. त्या खरखरीत काय कळतंय? आता बघ, टाळ कसा लख्ख आलाय. अण्णा असता तर खूश झाला असता."

पुतण्याचा आवाज त्यांना ओळखू आला नव्हता. आणि मी मान हलवली, जणू पटलंच. कॉलेजात शिकवणारा माणूस मी, घरातल्या मोठ्यांना उलट बोलायचं नाही ही शिकवण माझ्या अंगात इतकी मुरलेली. काकांवरचा राग मी लपवू शकलो. त्या मान हलवण्यावरचा राग अजून गेलेला नाही.

वर्षश्राद्धाला काका पुन्हा आले. पाहुण्यांसमोर म्हणाले, "लाव की रं ते भजन. पुस्तकात तोंड घालून बसू नकोस आजच्या दिवशी तरी."

मी अण्णानं स्वतः बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर काढला, टेपरेकॉर्डर त्याला जोडला आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. व्हॉल्व्ह तापले. पहिल्या अभंगातच टाळ करकरायला लागले. भजनीबुवांचा आवाज चिरकला.

"अरं, कमी कर. फाटतंय."

"फाटू दे."

"काय म्हणालास?"

"फाटू दे म्हणालो, काका. अण्णा असंच ऐकायचा."

पाहुणे एकेक उठले. काकांनी चपला घातल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, पण बंद कर म्हणाली नाही. दोन्ही स्पूल संपेपर्यंत मी बटणाला हात लावला नाही.